‘आपला’ भाऊ की ‘त्याचा’ भाऊ : लॅटिनच्या ‘सुउस’पासून रोमानियनच्या ‘सउ’पर्यंत

‘गणूने दिनूला त्याच्या घरी नेलं.’ घर कोणाचं? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. ‘गणूने दिनूला आपल्या घरी नेलं’ म्हटलं की शंका मिटते: घर गणूचं. मराठीत ‘आपला’ वापरायचा की ‘त्याचा’, हे बरंचसं बोलणाऱ्यावर सोपवलेलं आहे. अभिजात लॅटिनमध्ये ही मोकळीक जवळजवळ नाही. तिथे ‘सुउस’ म्हणजे आपला, ‘एयुस’ म्हणजे त्याचा किंवा तिचा, आणि एकाच्या जागी दुसरा घातला तर घराचा मालक बदलतो.

मराठी माणूस लॅटिन शिकतो ते बहुधा इंग्रजी पुस्तकातून. तिथे ‘सुउस’पुढे ‘हिज, हर, इट्स, देअर’ असे चार अर्थ दिलेले असतात आणि विद्यार्थी त्या चार शब्दांतून लॅटिन समजून घ्यायला लागतो. मीही तसाच शिकलो. मालक स्त्री असली की ‘सुआ’ लिहायचं, पुरुष असला की ‘सुउस’, असं मी कितीतरी महिने करत होतो आणि दर वेळी लाल खूण यायची. मग एकदा इंग्रजी अर्थ पुसून तिथे ‘आपला’ लिहिलं आणि वाक्यं सरळ लागू लागली. हा लेख त्याच वाटेने नेणारा आहे: लॅटिन आणि तिच्यापासून घडलेल्या रोमानियनमधली स्वामित्वदर्शक विशेषणं, म्हणजे माझा, तुझा, आपला या जातीचे शब्द, मराठीच्या आधाराने शिकायची.

उच्चारांबद्दल आधी थोडं

रोमानियनमध्ये एक स्वर असा आहे, जो शिकताना युरोपातल्या बऱ्याच भाषकांना अडचण येते. आपल्याला तो जन्मापासून येतो. तो जवळजवळ आपला ‘अ’ आहे. ‘सउ’, ‘तउ’ हे शब्द ‘स’ आणि ‘त’मधला अकार नीट उच्चारून म्हणायचे. शब्दाच्या शेवटी हा स्वर आला तर मराठी वाचक तो गिळून टाकेल, म्हणून तिथे मी अवग्रह दिला आहे: ‘कासऽ’ (घर), ‘नोआस्त्रऽ’ (आमची). ‘ओआ’ आणि ‘एआ’ हे जोडस्वर एका दमात म्हणायचे. रोमानियनमध्ये जीभ मागे ओढून म्हणायचा एक इकारही आहे. त्याला आपल्याकडे अक्षर नाही, म्हणून तिथे साधा ‘इ’ लिहिला आहे.

पायरी १ : मालक आणि वस्तू वेगळे करा

माझा भाऊ, माझी बहीण, माझं पुस्तक. बोलणारा एकच, तरी ‘माझा’ तीन वेळा बदलला, कारण तो वस्तूचं लिंग पाहतो, मालकाचं नाही. लॅटिनचा नियम हाच आहे: फ्रातेर मेउस (माझा भाऊ), सोरोर मेआ (माझी बहीण), नोमेन मेउम (माझं नाव). मराठीसारखीच तीन लिंगं, तीन रूपं. इंग्रजी बोलणाऱ्याला हे नव्याने पटवून घ्यावं लागतं. आपण ते पाळण्यात शिकलेलो असतो.

सावध राहायचं ते एवढ्यासाठीच, की लिंग लॅटिन शब्दाचं घ्यायचं, मराठी शब्दाचं नाही. पुस्तक मराठीत नपुंसक आहे, लॅटिनमध्ये ‘लिबेर’ पुल्लिंगी, म्हणून ‘लिबेर मेउस’. घर नपुंसक, पण ‘दोमुस’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘दोमुस मेआ’. नाम पाठ करताना त्याच्यासोबत ‘मेउस, मेआ, मेउम’पैकी योग्य तो शब्द जोडूनच पाठ करा. लिंग वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

पायरी २ : लॅटिनची रूपं

पाच शब्द आहेत. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग या क्रमाने:

माझा : मेउस, मेआ, मेउम
तुझा : तुउस, तुआ, तुउम
आपला (तृतीय पुरुष) : सुउस, सुआ, सुउम
आमचा, आपला : नोस्तेर, नोस्त्रा, नोस्त्रुम
तुमचा : वेस्तेर, वेस्त्रा, वेस्त्रुम

मराठीत विभक्ती लागली की ‘माझा’चं ‘माझ्या’ होतं आणि काम भागतं: माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या पुस्तकांना. लॅटिनला एवढं पुरत नाही. तिथे विशेषण नामाच्या प्रत्येक विभक्तीत त्याच्याबरोबर जातं. संस्कृत शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल. भावाला या अर्थी द्वितीयेत ‘फ्रात्रेम मेउम’, बहिणीला या अर्थी चतुर्थीत ‘सोरोरि मेए’, भावांचं या अर्थी षष्ठीच्या अनेकवचनात ‘फ्रात्रुम मेओरुम’.

या उदाहरणांत नाम आणि विशेषण यांचे शेवट जुळत नाहीत. नवशिक्या इथेच अडखळतो, कारण यमक जुळलं म्हणजे रूप बरोबर, असा त्याचा समज झालेला असतो. जुळायला हवं ते लिंग, वचन आणि विभक्ती. ‘नाउता’ (नावाडी) शेवटच्या ‘आ’मुळे स्त्रीलिंगी वाटतो, पण तो पुरुष आहे, म्हणून ‘नाउता नोस्तेर’. ‘मानुस’ (हात) ‘उस’ने संपतो, पण स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘मानुस मेआ’.

दोन लहान गोष्टी लक्षात असू द्या. ‘माझ्या मुला’ अशी हाक मारताना ‘मेउस’चं रूप ‘मी’ होतं: ‘मी फीली’. हे रूप फक्त पुल्लिंगी एकवचनी संबोधनात येतं. दुसरी गोष्ट, ‘आमच्यापैकी एक’ म्हणताना येणारा ‘नोस्त्रुम’ हा विशेषण नाही. ते ‘आम्ही’ या सर्वनामाचं षष्ठीचं रूप आहे. दिसायला सारखं, काम वेगळं.

पायरी ३ : ‘सुउस’ की ‘एयुस’

या पायरीवर घाई करू नका.

मारियुस फ्रात्रेम सुउम आमात : मारियुस आपल्या भावावर प्रेम करतो.
मारियुस फ्रात्रेम एयुस आमात : मारियुस त्याच्या (किंवा तिच्या), म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी, भावावर प्रेम करतो.

‘सुउस’ वाक्यातल्या कर्त्याकडे परत जातो. ‘एयुस’ कर्ता सोडून दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवतो. ‘एयुस’ हे विशेषणच नाही. ते ‘इस’ (तो) या सर्वनामाचं षष्ठीचं रूप आहे, म्हणून वस्तू कोणतीही असो, ते बदलत नाही. मालक अनेक असले की पुरुषांसाठी ‘एओरुम’, स्त्रियांसाठी ‘एआरुम’.

आता कर्ता बदला: यूलिया फ्रात्रेम सुउम आमात. यूलिया स्त्री आहे, तरी ‘सुउम’ पुल्लिंगीच राहिला, कारण भाऊ पुल्लिंगी. कर्ता अनेकवचनी करा: पुएल्ले मात्रेम सुआम आमांत, मुली आपल्या आईवर प्रेम करतात. मालक अनेक, पण आई एक, म्हणून ‘सुआम’ एकवचनी. मराठी ‘आपल्या आईवर’ही मालक एक की अनेक हे सांगत नाही. इंग्रजीतले ते चार अर्थ याच कारणाने उपयोगी पडत नाहीत. ‘सुउस’ मालकाचं लिंग आणि वचन दाखवतच नाही, आणि इंग्रजी शब्द नेमकं तेच दाखवतात.

म्हणून कसोटी अशी: लॅटिन वाक्य मराठीत मनात म्हणा. ‘आपला’ बसत असेल तर ‘सुउस’. ‘आपला’ म्हटल्यावर अर्थ बिघडत असेल तर ‘एयुस’, ‘एओरुम’ किंवा ‘एआरुम’. पण ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. ती दोन ठिकाणी दगा देते.

एक म्हणजे, मराठी ‘आपला’ तिन्ही पुरुषांना चालतो. ‘मी आपलं काम करतो’, ‘तू आपलं काम कर’. लॅटिन ‘सुउस’ तृतीय पुरुष सोडत नाही. मी असेन तर ‘मेउस’, तू असशील तर ‘तुउस’. रशियनसारख्या स्लाव्ह भाषांचा ‘स्वोइ’ मात्र मराठीसारखा सर्व पुरुषांना चालतो.

दुसरं, ‘आपला देश’ म्हणताना आपण ऐकणाऱ्याला धरून ‘आपला’ म्हणतो. तिथे लॅटिनमध्ये ‘नोस्तेर’. रोमन लोक भूमध्य समुद्राला ‘मारे नोस्त्रुम’ म्हणत, म्हणजे आपला समुद्र. आणि अर्जाच्या शेवटी ‘आपला नम्र’ लिहितो तो ‘आपला’ आदरार्थी ‘तुमचा’ आहे. त्याचाही ‘सुउस’शी संबंध नाही.

हे दोन अपवाद सोडले तर मराठी कान आश्चर्य वाटावं इतका बरोबर उत्तर देतो. ‘मारियुस आणि त्याचा भाऊ येतात’ हे वाक्य घ्या. इथे कोणी ‘मारियुस आणि आपला भाऊ येतात’ म्हणणार नाही, कारण भाऊ स्वतःच कर्त्याचा भाग आहे. परत जायला वेगळा कर्ता उरलेलाच नाही. लॅटिनमध्येही ‘मारियुस एत फ्रातेर एयुस’.

आता उलट बाजू पाहा. रोमन वक्ता सिसेरोच्या एका भाषणात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याबद्दल वाक्य आहे, की त्याला ‘सुई कीवेस’, म्हणजे आपल्याच नागरिकांनी, नगरातून हाकलून दिलं. नियमाप्रमाणे ‘सुउस’ने कर्त्याकडे जायला हवं. इथे कर्ता नागरिक आहेत आणि ‘सुई’ मात्र कर्म असलेल्या हॅनिबलकडे जातो. व्याकरणाच्या पुस्तकांत हे अपवाद म्हणून येतं आणि विद्यार्थी ते पाठ करतात. मराठीत म्हणून पाहा: ‘हॅनिबलला आपल्याच लोकांनी हाकललं.’ अगदी सहज. ‘च’ने जोर दिला की आपला ‘आपला’ही कर्त्याला सोडून कर्माकडे वळतो. ‘सुउम कुइक्वे’ (ज्याला त्याला आपलं) याच वळणाचा आहे.

पोटवाक्यात ‘सुउस’ कधी कधी मुख्य वाक्याच्या कर्त्यापर्यंत पोहोचतो. ‘मारियुस रोगात उत पात्रेम सुउम आदियुवेमुस’: मारियुस विनवतो, की आपल्या वडिलांना आम्ही मदत करावी. मदत करणारे आम्ही, पण वडील मारियुसचे. जिथे पोटवाक्य मुख्य कर्त्याची विनंती, इच्छा किंवा विचार सांगतं, तिथे हा पोहोच लांबतो.

आणखी एक वापर. नाम नसताना ‘सुई’ म्हणजे आपली माणसं, ‘सुआ’ म्हणजे आपली मालमत्ता. सीझरच्या युद्धवर्णनात सैनिकांना उद्देशून ‘सुओस’ पुन्हा पुन्हा येतं. आपणही ‘आपली माणसं’ म्हणतो. तिथे नात्याचा आणि गटाचा जो ओलावा आहे, तो या शब्दात आहे. मला हा ‘सुउस’चा सगळ्यात देखणा उपयोग वाटतो.

मालकी उघड असेल तिथे लॅटिन हे विशेषण गाळतं. हात धुतले, आईला भेटला, एवढंच. मराठीतही कोणी ‘मी माझे हात धुतले’ असं मुद्दाम म्हणत नाही.

पायरी ४ : शब्दाचं मूळ

‘सुउस’ आणि संस्कृत ‘स्व’ एकाच मुळाचे आहेत. हे नुसतं ध्वनिसाम्य नाही. इंडो-युरोपीय मूळभाषेत ‘स्वत:चा’ या अर्थाचं एक मूळ मानलं जातं. त्याचं आखूड रूप संस्कृतात ‘स्व’ म्हणून आलं, आणि मध्ये स्वर असलेलं लांब रूप, साधारण ‘सेवोस’सारखं, लॅटिनकडे गेलं. लॅटिनच्या जुन्या लेखांत ‘सोव-’ने सुरू होणारी रूपं सापडतात. पुढे त्याचं ‘सुउस’ झालं. ‘तुउस’चा प्रवासही याच मार्गाने झाला. म्हणजे स्वदेश, स्वभाव, स्वराज्य या शब्दांच्या सुरुवातीला जो ‘स्व’ आहे, तो ‘सुउस’चा चुलतभाऊ.

मराठी ‘आपला’ मात्र या कुळातला नाही. तो संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्प’मार्गे आला. ‘स्व’ समासांत आणि ‘स्वतः’मध्ये उरला, आणि रोजच्या बोलण्यातलं त्याचं काम ‘आपला’ने उचललं. म्हणून कसोटी ‘आपला’ची आणि नातं ‘स्व’चं.

बोलण्यात ‘सुउस’ फार लवकर आखडू लागला होता. एन्नियुस या कवीच्या (ख्रिस्तपूर्व २३९ ते १६९) एका ओळीत ‘सुइस’च्या जागी नुसतं ‘सिस’ आहे. ही आखूड रूपं पुढच्या पायरीला लागणार आहेत.

पायरी ५ : डेन्यूब नदीच्या उत्तरेला काय झालं

इ.स. १०६ मध्ये त्राजान सम्राटाने डाकिया जिंकली. आजच्या रोमानियाचा मोठा भाग त्यात येतो. २७१च्या सुमारास ऑरेलियनने तिथून कारभार मागे घेतला. पूर्वेकडच्या या लॅटिनपासून रोमानियन घडली, पण तिचा लेखी पुरावा फार उशिरा मिळतो. तारीख कळते असं आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं रोमानियन लिखाण म्हणजे १५२१ सालचं, किम्पुलुंग गावच्या नेआक्शूचं पत्र, आणि तेही सिरिलिक लिपीत. मधली बाराशे वर्षं रूपं कशी बदलली, ते आपल्याला शेवटच्या रूपांवरून मागे चालत ओळखावं लागतं.

ध्वनींची वाट बरीचशी नियमित आहे. शेवटचे ‘स’ आणि ‘म’ गळाले, म्हणून ‘मेउस’चं ‘मेउ’. ‘नोस्त्रुम’चं ‘नोस्त्रु’. पुढच्या अक्षरात ‘अ’ किंवा ‘ए’ असेल तर आघाताच्या ‘ओ’चा ‘ओआ’ होतो, म्हणून स्त्रीलिंगी ‘नोआस्त्रऽ’. शेवटच्या ‘इ’ने आधीच्या ‘स’ला ‘श’ केलं, म्हणून पुल्लिंगी अनेकवचन ‘नोश्त्री’. हे तीन नियम एकदा समजले की ‘नोस्त्रु’ची चारही रूपं पाठ न करता तयार करता येतात.

‘तुमचा’ची गोष्ट थोडी वेगळी. अभिजात लॅटिनमध्ये ‘वेस्तेर’ आहे आणि रोमानियनमध्ये ‘वोस्त्रु’. ‘ए’चा ‘ओ’ कसा? प्लाउतुसच्या नाटकांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत, शब्द ‘वोस्तेर’ असाच होता. लिखित भाषेत पुढे ‘ओ’चा ‘ए’ झाला. बोलीत ‘नोस्तेर’च्या जोडीने ‘वोस्तेर’ राहिला. इटालियन ‘वोस्त्रो’, स्पॅनिश ‘वुएस्त्रो’ याच रूपातून आले.

‘तुउस, सुउस’ यांपासून ‘तउ, सउ’ कसे झाले, याचं उत्तर कोशांत असं मिळतं: ‘मेउस’च्या साच्यावर बोलीत ‘तेउस, सेउस’ अशी रूपं पडली आणि त्यांतून हे शब्द आले. ही रूपं लिहिलेली सापडत नाहीत, कल्पिलेली आहेत. माझ्या मते इथे एक अडचण उरते. लॅटिनच्या आघाताच्या आखूड ‘ए’पुढे रोमानियनमध्ये ‘स’चा ‘श’ होतो (‘सेप्तेम’चं ‘शाप्ते’, सात) आणि ‘त’चा ‘त्स’ होतो (‘तेर्रा’चं ‘त्सारऽ’, देश). मग ‘सउ’, ‘तउ’ त्यातून कसे सुटले? ‘मेउ’चा साचा अर्थ लावायला पुरतो, ध्वनींना पूर्ण पुरत नाही. स्त्रीलिंगी ‘ता, सा’ मात्र आखूड रूपांतून आले हे सहज पटतं. फ्रेंचमध्येही ‘ता, सा’च आहेत.

स्त्रीलिंगी अनेकवचनात ‘मेले, ताले, साले’ असा ‘ले’ कुठून आला? ‘स्तेआ, स्तेले’ (चांदणी, चांदण्या) अशा जोड्यांवरून. ‘स्तेल्ला’मधला ‘ल’ एकवचनात गळाला, अनेकवचनात टिकला. त्या घडणीवर ‘मेआ’ची ‘मेले’ झाली, असं समजलं जातं.

अर्थातला बदल याहून मोठा आहे. ‘एयुस, एओरुम’ बोलीतून नाहीसे झाले. त्यांच्या जागी ‘इल्ले’ (तो) याची षष्ठी-चतुर्थीची रूपं आली: ‘लुइ’ (त्याचा), ‘येइ’ (तिचा), आणि ‘इल्लोरुम’पासून ‘लोर’ (त्यांचा). ‘सउ’ एकाच मालकापुरता उरला, आणि तो कर्त्याकडेच परत जाईल ही सक्ती सुटली.

पायरी ६ : रोमानियन रूपं आणि त्यांची जागा

चार रूपं: पुल्लिंगी एकवचन, स्त्रीलिंगी एकवचन, पुल्लिंगी अनेकवचन, स्त्रीलिंगी अनेकवचन.

माझा : मेउ, मेआ, मेइ, मेले
तुझा : तउ, ता, तइ, ताले
त्याचा/तिचा : सउ, सा, सइ, साले
आमचा : नोस्त्रु, नोआस्त्रऽ, नोश्त्री, नोआस्त्रे
तुमचा : वोस्त्रु, वोआस्त्रऽ, वोश्त्री, वोआस्त्रे

‘लुइ, येइ, लोर’ कधीच बदलत नाहीत. रोमानियनमध्ये नपुंसकलिंग आहे, पण त्याची स्वतःची रूपं नाहीत. ते एकवचनात पुल्लिंगासारखं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं वागतं. ‘काएत’ (वही) नपुंसक, म्हणून ‘काएतुल मेउ’ (माझी वही), पण ‘काएतेले मेले’ (माझ्या वह्या).

विशेषण नामाच्या मागून येतं आणि नामाला निश्चयदर्शक शेपूट लागलेलं असतं. ‘कासऽ’ म्हणजे घर, ‘कासा’ म्हणजे ते घर, आणि माझं घर म्हणजे ‘कासा मेआ’. ‘फ्राते’ भाऊ, ‘फ्रातेले मेउ’ माझा भाऊ. ‘प्रिएतेन’ मित्र, ‘प्रिएतेनुल मेउ’ माझा मित्र. म्हणून क्रम असा ठेवा: नाम घ्या, त्याचं लिंग-वचन ठरवा, शेपूट जोडा, मग विशेषणाचं रूप मागे ठेवा. शेपूट विसरणं ही नवशिक्याची सगळ्यात नेहमीची चूक आहे.

षष्ठी-चतुर्थीत एकच बदल होतो, आणि तो स्त्रीलिंगी एकवचनात: ‘मेआ’ची ‘मेले’. माझ्या आईला किंवा आईचं म्हणजे ‘मामेइ मेले’. पुल्लिंगी तसंच राहतं: ‘फ्रातेलुइ मेउ’.

सरावासाठी ख्रिस्ती प्रार्थनेइतका चांगला मजकूर मला दुसरा मिळालेला नाही. लॅटिनमध्ये ‘पातेर नोस्तेर’, रोमानियनमध्ये ‘तातल नोस्त्रु’, मराठीत ‘आमच्या बापा’. गोव्यात आणि वसईत साठीच्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच होत असे, त्यामुळे तिथल्या जुन्या पिढीच्या कानांत ‘पातेर नोस्तेर’ आहे. रोमानियन पाठात ‘नोस्त्रु’ची चारही रूपं एकामागून एक येतात: तातल नोस्त्रु (आमचा पिता), पिइनेआ नोआस्त्रऽ (आमची भाकर), ग्रेशेलिले नोआस्त्रे (आमचे अपराध), ग्रेशित्सिलोर नोश्त्री (आमच्या अपराध्यांना). शिवाय ‘नुमेले तउ’ (तुझं नाव, नपुंसक) आणि ‘इम्परत्सिया ता’ (तुझं राज्य, स्त्रीलिंगी). लॅटिनशी ताडून पाहा: ‘नोमेन तुउम’, ‘रेग्नुम तुउम’. लॅटिनमध्ये राज्य नपुंसक, रोमानियनमध्ये ‘राज्य’साठी शब्दच वेगळा आणि स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण बदललं. लॅटिन पाठातल्या ‘देबितोरिबुस नोस्त्रिस’ (आमच्या ऋणकोंना) यातला विभक्तिप्रत्यय रोमानियनमध्ये विशेषणावरून उतरला आणि नामावर राहिला. दोन्ही पाठ शेजारी ठेवून तासभर बसलात तर वरची यादी वेगळी पाठ करावी लागत नाही.

पायरी ७ : आल, आ, आइ, आले

विशेषण शेपटीच्या नामाला चिकटून नसेल, तर मध्ये एक दुवा लागतो: पुल्लिंगी ‘आल’, स्त्रीलिंगी ‘आ’, अनेकवचनात ‘आइ’ आणि ‘आले’. ‘माझा एक मित्र’ म्हणजे ‘उन प्रिएतेन आल मेउ’, कारण ‘उन’ (एक) आला की शेपूट जातं. ‘माझी एक मैत्रीण’ म्हणजे ‘ओ प्रिएतेनऽ आ मेआ’. ‘ते पुस्तक माझं आहे’ म्हणताना क्रियापद मध्ये येतं, म्हणून ‘कार्तेआ येस्ते आ मेआ’.

स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: विशेषणाच्या लगेच आधी शेपूट लागलेलं नाम आहे का? असेल तर दुवा नको. नसेल तर हवा. ‘माझं नवं घर’ दोन्ही प्रकारे होतं: ‘कासा मेआ नोउअ’ आणि ‘कासा नोउअ आ मेआ’. दुसऱ्यात ‘नोउअ’ (नवं) मध्ये शिरल्यामुळे ‘आ’ लागला.

पायरी ८ : ‘सउ’ की ‘लुइ’, ‘येइ’

‘कार्तेआ सा’ म्हणजे त्याचं किंवा तिचं पुस्तक. ‘सा’ पुस्तकाचं लिंग सांगतो, मालकाचं नाही. ‘कार्तेआ लुइ’ त्याचं, ‘कार्तेआ येइ’ तिचं. बोलताना लोक ‘लुइ, येइ’च जास्त वापरतात. ‘सउ’ लेखनात, बातम्यांत, औपचारिक बोलण्यात दिसतो. ‘माझेस्तातेआ सा’ राजालाही आणि राणीलाही म्हणतात, कारण ‘माझेस्ताते’ स्त्रीलिंगी आहे, राजा असो की राणी.

लॅटिनमध्ये जे काम ‘सुउस’ करत होता, ते रोमानियन बहुधा विशेषणाविना करते. ‘मारियुसने आपलं पुस्तक घेतलं’ म्हणजे ‘मारियुस शि-आ लुआत कार्तेआ’. इथला ‘शि’ म्हणजे ‘स्वतःला’ या अर्थाचं चतुर्थीचं रूप, शब्दशः ‘स्वतःला पुस्तक घेतलं’. ‘मारियुस आ लुआत कार्तेआ लुइ’ म्हटलं तर पुस्तक दुसऱ्या कोणाचं तरी वाटू शकतं. ठाम ‘स्वतःचं’ म्हणायचं तर ‘प्रोप्रिया सा कार्ते’. इथे शेपूट ‘प्रोप्रिया’ला लागलं आणि विशेषण नामाच्या पुढे आलं. रोमानियन शिकणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला: ‘सउ’ ओळखायला शिका, पण बोलताना आधी ‘शि-आ’ची सवय लावा.

दोन ठिकाणी मात्र जुनं विशेषण रोजच्या बोलण्यात ताजं आहे. एक नात्यांत: ‘फ्राते-मेउ’ (माझा भाऊ), ‘सोरऽ-मेआ’ (माझी बहीण), ‘सोरऽ-सा’. इथे शेपूट लागत नाही, विशेषणच नामाला जोडलं जातं. दुसरं आदराच्या संबोधनात. रोमानियनमध्ये आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणजे ‘दुम्न्यावोआस्त्रऽ’, आणि तो ‘दोम्निया वोआस्त्रऽ’ (तुमची थोरवी) या दोन शब्दांचा संकोच आहे. म्हणजे दुकानदाराला साधं ‘तुम्ही’ म्हणतानाही तोंडी ‘वेस्तेर’चा वंशज असतो.

शब्दयोगी रचनांतही मराठी उपयोगी पडते. आपण ‘माझ्यासमोर’, ‘माझ्याविरुद्ध’, ‘माझ्याभोवती’ म्हणतो. रोमानियनमध्ये ‘इन फात्सा मेआ’, ‘इम्पोत्रिवा मेआ’, ‘इन झुरुल मेउ’. ‘फात्सा’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘मेआ’. ‘झुरुल’ पुल्लिंगासारखा चालतो, म्हणून ‘मेउ’. इथे ‘मला’ या अर्थाचं सर्वनाम घालणारे इंग्रजी भाषक चुकतात. मराठी विद्यार्थ्याने चुकायचं कारण नाही.

सराव

खालची वाक्यं आधी स्वतः करून पाहा, मग पुढे वाचा. यूलिया आपल्या आईला पत्र लिहिते. मारियुस आणि त्याची बहीण येतात. ही पुस्तकं माझी आहेत. माझ्या भावाचा एक मित्र.

पहिलं: यूलिया मात्रि सुए एपिस्तुलाम स्क्रीबित. आई चतुर्थीत, म्हणून ‘सुए’. रोमानियनमध्ये यूलिया इइ स्क्रिये ओ स्क्रिसोआरे मामेइ साले. स्त्रीलिंगी चतुर्थी, म्हणून ‘सा’ नाही, ‘साले’. बोलताना ‘मामेइ येइ’ही चालेल.

दुसरं: मारियुस एत सोरोर एयुस वेनिउंत. ‘आपला’ इथे बसत नाही, हे कानाला कळतं. रोमानियनमध्ये मारियुस शि सोरा लुइ विन.

तिसरं: ही लिब्री मेई सुंत. रोमानियनमध्ये कर्त्सिले आचेस्तेआ सुंत आले मेले. पुस्तक लॅटिनमध्ये पुल्लिंगी, रोमानियनमध्ये स्त्रीलिंगी. शिवाय क्रियापद मध्ये आल्यामुळे ‘आले’ लागला.

चौथ्यात खरी परीक्षा आहे, कारण तिथे दोन जुळण्या एकदम कराव्या लागतात. लॅटिनमध्ये आमीकुस क्वीदाम फ्रात्रिस मेई. रोमानियनमध्ये उन प्रिएतेन आल फ्रातेलुइ मेउ. ‘आल’ मित्राचं लिंग पाहतो, ‘मेउ’ भावाचं. मित्राऐवजी मैत्रीण घाला: ओ प्रिएतेनऽ आ फ्रातेलुइ मेउ. ‘आल’चा ‘आ’ झाला, ‘मेउ’ जागचा हलला नाही. आता भावाऐवजी बहीण घाला: ओ प्रिएतेनऽ आ सुरोरी मेले. या वेळी ‘आ’ तसाच राहिला आणि ‘मेउ’ची ‘मेले’ झाली.